गोव्यात पर्यावरणशास्त्र आणि जलपरिसंस्था शिकवायची असेल तर

एम.एस्सी. होताच प्राध्यापक व्हायचे ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला सल्ला मिळतो तो नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, तयारीला लागण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण पर्यावरणशास्त्राच्या आणि विशेषतः जलपरिसंस्थांच्या वाटेवर त्याच्याही आधी तपासून घ्यायची एक बाब आहे : आपल्या पदव्युत्तर पदवीवर विषयाचे नाव काय छापले आहे. गोव्यातल्या महाविद्यालयांत खाडी, खाजने (बांध घालून खाडीपासून अडवलेल्या जमिनी), खारफुटी आणि तळी यांविषयी जे शिकवले जाते, त्यातला बराचसा भाग 'पर्यावरणशास्त्र' अशी पाटी असलेल्या विभागात शिकवला जात नाही. तो प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि क्वचित भूशास्त्र या विभागांत वाटला गेलेला असतो. पर्यावरणाचा जो विषय सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे, त्यासाठी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पद असतेच असे नाही. पुष्कळदा तो विज्ञान शाखेतल्या कोणाच्या तरी वेळापत्रकात बसवला जातो. ही वस्तुस्थिती माहीत नसल्यामुळे उत्तम गुणांचे उमेदवार छाननीतच बाहेर पडताना दिसतात.

आधी जाहिराती वाचा, मग पदवी निवडा

सहायक प्राध्यापकाचे पद एका ठरावीक विषयाचे असते आणि त्यासाठी 'संबंधित अथवा संलग्न' विषयातील पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांसह मागितली जाते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना त्यात 5 टक्क्यांची सवलत असते. संलग्न विषय कोणता, हे अर्जदाराने ठरवायचे नसते. ते छाननी समिती ठरवते, आणि समिती सहसा सावध असते. समुद्रविज्ञानात एम.एस्सी. केलेल्या विद्यार्थिनीने चार सत्रे प्लवक आणि तळवासी जीव यांचाच अभ्यास केला असला, तरी प्राणिशास्त्राच्या पदासाठी तिचा अर्ज चालेल की नाही, याची हमी तिचे मार्गदर्शकही देऊ शकत नाहीत.

म्हणून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाच एक साधे काम करावे. गोवा लोकसेवा आयोगाच्या आणि महाविद्यालयांच्या गेल्या काही वर्षांच्या जाहिराती मिळवाव्यात आणि कोणत्या विषयाची पदे निघाली, त्यांत कोणत्या पदव्या मान्य केल्या, एवढेच एका वहीत लिहून काढावे. त्या वहीवरून चित्र लवकर स्पष्ट होते. माझे मत असे की, ज्याला घरच्या अडचणींमुळे किंवा आवडीने गोव्यातच राहायचे आहे, त्याने प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र हा विषय घेऊन प्रबंधिका मात्र पाण्यावर करावी. ज्याची महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायची तयारी आहे, त्याने पर्यावरणशास्त्राचीच पदवी घेण्यास हरकत नाही. पुणे आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. गोवा विद्यापीठातील समुद्रविज्ञानाचा अभ्यासक्रम संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी उत्तम आहे, आणि दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था विद्यापीठाच्या ताळगाव पठारापासून काही मिनिटांवर असल्याचा लाभ तिथल्या विद्यार्थ्यांना होतोच. मात्र महाविद्यालयीन अध्यापनाकडे वळताना वर सांगितलेली अडचण लक्षात ठेवावी.

नेट, सेट आणि पीएचडी

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै 2018 मध्ये नेमणुकीचे नियम जाहीर केले आणि 30 जून 2023 च्या दुरुस्तीने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट/स्लेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) ही किमान अट ठेवून पीएचडी ऐच्छिक केली. जानेवारी 2025 मध्ये नव्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध झाला, त्यामुळे अर्ज भरतेवेळी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचणे आवश्यक आहे. वरिष्ठांनी तोंडी सांगितलेले नियम बहुधा त्यांच्या स्वतःच्या नेमणुकीच्या काळातले असतात.

पर्यावरणशास्त्र हा विषय राष्ट्रीय परीक्षा संस्थेतर्फे होणाऱ्या यूजीसी-नेटमध्ये आहे. तीन तासांत दोन प्रश्नपत्रिका असतात : पहिली अध्यापन आणि संशोधनविषयक क्षमतेची, 50 प्रश्न आणि 100 गुण, दुसरी विषयाची, 100 प्रश्न आणि 200 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी सीएसआयआर-यूजीसी नेटच्या जीवशास्त्र विषयाला बसतात. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि तेरा घटकांपैकी परिसंस्थाशास्त्राचा म्हणता येईल असा प्रमुख घटक एक, दहावा. समुद्रविज्ञानवाल्यांसाठी त्याच परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विषय आहे.

महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिच्यात पर्यावरणशास्त्राचा समावेश आहे. ती उत्तीर्ण झालेल्याला या दोन राज्यांबाहेर पात्र धरले जात नाही, पण गोव्यात राहणाऱ्याला त्याची चिंता करण्याचे कारण नाही. तरीही नेट आणि सेट दोन्ही द्याव्यात, कारण महाविद्यालयीन पदांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणतक्त्यात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह नेटला 10, साध्या नेटला 8 आणि सेटला 5 गुण आहेत. तो तक्ता मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढ्यापुरताच वापरला जातो, हे खरे; पण बोलावणेच आले नाही तर पुढचे सर्व व्यर्थ जाते.

शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि नंतर 42,000 रुपये मिळतात. पीएचडी करायचीच असेल तर ती अशा आधाराने करावी. पीएचडीला किमान तीन वर्षे लागतात, जलपरिसंस्थेच्या कामाला त्याहून जास्त. कारण पूर्वमोसमी, मोसमी आणि उत्तरमोसमी असे तिन्ही हंगाम निदान दोनदा पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष टिकत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे गोवा विद्यापीठाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे. वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि जुन्या गोव्याजवळच्या एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था याही जवळच आहेत. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

गोव्याच्या खास अटी

शासकीय महाविद्यालयांतील पदे, म्हणजे साखळी, केपे, खांडोळा, पेडणे येथील, गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. तिथे सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते. मराठीचे ज्ञान इष्ट मानले जाते. वास्तव्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवावा. अनुदानित महाविद्यालये आपल्या पदांची जाहिरात स्वतः देतात आणि निवड समितीवर विद्यापीठाचे व शासनाचे प्रतिनिधी असतात. त्या जाहिराती कधी कधी स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर छोट्या चौकटीत येतात आणि अर्जाची मुदतही थोडी असते. 'अमुक महाविद्यालयात जागा निघणार आहे' अशा बातमीवर विसंबून न राहता पेपर रोज चाळावा.

मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेल्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट सांगणे भाग आहे. महाविद्यालयात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे आणि मुलाखतही इंग्रजीतच होते. विषय येतो पण वाक्य अडते, ही अवस्था टाळण्यासाठी एम.एस्सी.च्या दोन वर्षांत दर आठवड्याला निदान एकदा उभे राहून इंग्रजीत बोलण्याची सवय लावून घ्यावी.

एक पाणी निवडा

आता मुख्य मुद्दा. या विषयाचा शिक्षक पुस्तकातून तयार होत नाही असे सगळेच म्हणतात, पण नेमके काय करावे ते सहसा सांगत नाहीत. माझा सल्ला असा : घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासात पोहोचता येईल असे एकच पाणी निवडावे आणि ते निदान वर्षभर महिन्यातून दोनदा मोजावे. करमळीचे तळे, मयेचे तळे, कुडतरीची तळी, साळ नदीचा एखादा पूल, दिवाडीच्या किंवा चोडणच्या खाजनातली एखादी पोय (बांधाच्या आतला पाणसाठा), काहीही चालेल. कुडचडे परिसरात राहणाऱ्याला तर 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले आणि गोव्यातले पहिलेच ठरलेले नंदा तळे हाताशी आहे. झुआरीच्या एका प्रमुख उपनदीला लागून असलेल्या त्या 42 हेक्टरांच्या पाणथळीत पाणी साठवून खालच्या बाजूला भातशेती केली जाते. पाणथळ जागेचा 'सुज्ञ वापर' या शब्दांचा अर्थ विद्यार्थ्याला समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

खाजन निवडणाऱ्याला अभ्यासाचा सर्वांत मोठा ऐवज मिळतो. बांध घालून खाडीपासून अडवलेली ही जमीन, तिच्या बांधात बसवलेली मानस, भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची लाकडी दारे, आतल्या पोयीत फिरणारे पाणी, पावसाळ्यात खारटपणा धुऊन गेल्यावर पिकणारे कोरगुट भात आणि मानसीच्या तोंडाशी जाळे लावून धरलेली कोळंबी व शेवटे : क्षारतेचा उतार, पोषकद्रव्यांची देवघेव, अन्नजाळे आणि सामुदायिक मालमत्तेचे व्यवस्थापन हे चारही धडे एकाच बांधावर उभे राहून देता येतात. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि त्यांत खाजनांचा उल्लेख आहे, हेही त्याच ओघात सांगता येते. बांधावर जाण्यापूर्वी तिथल्या कुळ संघटनेच्या एखाद्या माणसाला भेटावे. मानसीचा लिलाव कोणी घेतला आहे ते समजते आणि आपण बाटल्या घेऊन का फिरतो आहोत, याचा संशय राहत नाही.

मोजायचे काय? सुरुवातीला पाच गोष्टी पुरेत : तापमान, सामू, क्षारता, सेकी तबकडीने (पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहायची चकती) पारदर्शकता आणि विरघळलेला प्राणवायू. क्षारतेसाठी हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर चालतो. सेकी तबकडी घरी करता येते. प्राणवायूसाठी मात्र मीटर उपलब्ध असला तरी आधी विंकलर पद्धतीवर हात बसवावा, कारण वर्गात शिकवायची तीच असते आणि मुलाखतीत विचारले जाते तेही तिच्याविषयीच.

ही पद्धत 1888 पासून वापरात आहे आणि तिच्यातली खुबी रसायनांपेक्षा हाताच्या सवयीत आहे. 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरावी, एकही बुडबुडा आत राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 1 मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्यात बुडवून सोडावे, म्हणजे बाहेरची हवा आत जात नाही. बूच लावून बाटली उलटसुलट केली की साका धरतो. तो तपकिरी असेल तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. साका बसल्यावर 1 मिलिलिटर तीव्र सल्फ्यूरिक आम्ल घातले की पाणी सोनेरी पिवळे होते. त्यातले 201 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करावे. रंग फिकट गवतासारखा झाल्यावरच स्टार्च घालायचा, निळा रंग पहिल्यांदा जातो तिथे थांबायचे, आणि ब्युरेटवर जितके मिलिलिटर तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर. काही वेळाने निळा रंग परत येतो, त्याकडे लक्ष देऊ नये. नवखे लोक तो घालवण्यासाठी आणखी दोन थेंब सोडतात आणि आकडा बिघडवतात.

आकडा मिळाल्यावरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. समजा 6.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर आले. मे महिन्यात पाण्याचे तापमान 30 अंश असताना हाच आकडा मांडवीच्या मुखाशी आला, तर त्या खाऱ्या पाण्यात मावणारा प्राणवायू साधारण तेवढाच असल्याने पाणी संपृक्त आहे. तोच आकडा खांडेपार नदीच्या गोड्या पाण्यात आला, तर त्या तापमानाला मावू शकणाऱ्या सुमारे 7.6 पैकी तो अंदाजे 82 टक्केच आहे. दोन्ही पाण्यांना 'प्राणवायू 6.2' म्हणून एकच शेरा देणारा शिक्षक विद्यार्थ्याला आकडा शिकवतो, परिसंस्था शिकवत नाही. तसेच कमळांनी किंवा जलपर्णीने भरलेल्या तळ्यात पहाटे सहाला आणि दुपारी दोनला घेतलेले नमुने शेजारी ठेवले की प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

वर्षभराच्या या नोंदी एका बांधील वहीत, तारीख, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती आणि आकाश यांसह ठेवाव्यात. मुलाखतीत 'तुमचे क्षेत्रकार्य काय' या प्रश्नाला ही वही पुढे सरकवणारा उमेदवार वेगळा दिसतो.

'लेक्चर बेसिस'ची वर्षे

पूर्णवेळ पद मिळण्याआधी बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची, गोव्यातल्या बोलीत 'लेक्चर बेसिस'ची, नेमणूक येते. जूनमध्ये बोलावणे, परीक्षांपर्यंत काम, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. या वर्षांचा उपयोग होतो, पण मर्यादित. दर वर्षीच्या अध्यापन अनुभवाला गुणतक्त्यात 2 गुण, कमाल 10, आणि वर्ष अपुरे असेल तर त्या प्रमाणात कमी. दोन-तीन वर्षे शिकवण्याचा हात बसण्यासाठी जरूर द्यावीत. त्यापुढे नेट किंवा पीएचडी मागे पडत असेल, तर तासिका कमी घेणे शहाणपणाचे. विभागप्रमुख भले असतात, पण एका नवख्या सहकाऱ्याला तीन वेगवेगळे पेपर, दोन बॅचेसची प्रॅक्टिकल्स आणि वर विज्ञान मंडळाचे काम देताना त्यांनाही फार वाईट वाटत नाही.

मुलाखत आणि नमुना पाठ

नमुना पाठासाठी दहा-पंधरा मिनिटे मिळतात आणि बहुतेक उमेदवार पारदर्शिकांवर परिसंस्थेची व्याख्या घेऊन येतात. त्याऐवजी एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, पावसाळा संपता संपता गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला प्राणवायू का संपतो? दक्षिणेकडे वाहणारा किनारी प्रवाह, खालून वर सरकणारे थंड व प्राणवायूने दरिद्री पाणी, त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर आणि त्यामुळे थांबलेली ढवळण : फळ्यावर एका आकृतीत हे सर्व बसते. कांदोळीच्या समोरच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दीर्घकाळ घेतलेल्या नोंदींचा संदर्भ देता आला, तर समितीला कळते की उमेदवार आपल्याच किनाऱ्यावरचे संशोधन वाचतो.

समितीत बाहेरचे तज्ज्ञ असतात. खाणी, म्हादई, नदीतले कॅसिनो यांवर ते हमखास विचारतात, काही वेळा केवळ उमेदवार किती तोल राखतो हे पाहण्यासाठी. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. आधी आकडे आणि निवाडे सांगावेत, मत नंतर आणि विचारले तरच. हाच क्रम पुढे वर्गातही पाळावा लागतो. एकाच बाकावर खाणपट्ट्यातल्या ट्रकमालकाचा मुलगा आणि होडी चालवणाऱ्याची मुलगी बसलेली असते, आणि दोघांच्याही घरचा अनुभव खरा असतो.

पहिले वर्ष

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापनाचे असतात. त्यांतले काही तास सक्तीच्या पर्यावरण अभ्यासाचे येतील, आणि ज्येष्ठांनी टाळलेला हा वर्ग नव्या माणसाकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, त्यातून हा विषय आला. वाणिज्य शाखेच्या भरगच्च वर्गात तो शिकवणे ही माझ्या मते या पेशाची खरी कसोटी आहे. तिथे पहिल्या दिवशी व्याख्या सांगू नये. 'तुमच्या घरच्या नळाचे पाणी कुठून येते?' एवढेच विचारावे आणि उत्तर पुढच्या तासाला आणायला सांगावे. पणजी आणि फोंड्याची मुले ओपाला पोहोचतात, बार्देशची अस्नोड्याला, मडगावची साळावलीला. साळावली धरणाचे पाणलोट क्षेत्र खाणपट्ट्याच्या किती जवळ आहे, हे नकाशावर दाखवले की पुढचा तास कसा भरायचा याची काळजी उरत नाही. मग सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर आणणारे फार थोडे असतात.

विज्ञानाच्या प्रॅक्टिकल्सचे वेळापत्रक लावताना एक युक्ती उपयोगी पडते. भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे दर मंगळवारी अकरा वाजता खाडीवर गेलात, तर एका आठवड्याला भरती आणि पुढच्या आठवड्याला ओहोटी, असा उलटा प्रकार होतो आणि विद्यार्थी हवामानबदल शोधू लागतात. पंधरवड्याने गेल्यास भरतीची स्थिती जवळपास तीच मिळते. तेव्हा दोन बॅचेस आलटून पालटून न्याव्यात : एकीला नेहमी भरतीचे पाणी, दुसरीला ओहोटीचे, आणि सत्राच्या शेवटी दोघींनी आकडे समोरासमोर ठेवावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव हे प्रमाण बंदर आहे. नदीत वर जावे तसा वेळेत फरक पडतो, तो एकदा स्वतः घड्याळ लावून काढून ठेवावा.

सुरक्षिततेबाबत मी कठोर आहे. उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी सुमारे दोन मीटर बदलते आणि खारफुटीचा चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो, म्हणून पाणी चढत असताना विद्यार्थ्यांना चिखलात उतरवू नये. पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो. पायाला जखम असलेल्याला काठावरच नोंदी लिहायला बसवावे. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. दुर्भाटकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करणारे लोक ज्या पाण्याकडे आदराने पाहतात, तिथे गटाने हात घालून नमुने घेणे योग्य नाही. दोरीला बांधलेली बादली पुरते. फॉर्मलिन शक्य तितके कमी वापरावे. वनस्पतिप्लवकांसाठी ल्युगोलचे आयोडीन चालते.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य 1.78 चौरस किलोमीटरचेच आहे, पण तिथे एक पान तोडायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. प्रवाळ, समुद्रघोडे यांसारखे जीव वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर मृत सापडले तरी संग्रहालयाच्या कपाटात आणून ठेवता येत नाहीत. पूर्वीच्या विभागप्रमुखांच्या काळातले नमुने कपाटात असतील, तर त्यांची यादी करून वनखात्याला कळवणे हे रुजू झाल्यावरच्या पहिल्या कामांपैकी एक असावे.

कागदपत्रे

वेतनश्रेणीच्या दहाव्या स्तरावर मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. अकराव्या स्तरावर जाण्यासाठी पीएचडी असल्यास चार आणि नसल्यास सहा वर्षे लागतात, आणि त्या काळात प्रवेशन प्रशिक्षण व विषयाचे उजळणी वर्ग वेळेत पूर्ण करावे लागतात. सुट्टीच्या हंगामातले वर्ग लवकर भरतात, म्हणून अर्ज आधी करावा. शोधनिबंध कमी असले तरी चालतील, पण पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये, ते पुढच्या प्रत्येक छाननीत आडवे येते. तुमच्या निवडलेल्या पाण्याच्या वर्षावर्षाच्या नोंदी याच एखाद्या चांगल्या निबंधाचे भांडवल असतात.

पूर्वीची कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरली जाऊ शकते, मात्र त्या वेळी पात्रता पूर्ण असली पाहिजे, नेमणूक रीतसर निवड समितीकडून झालेली असली पाहिजे आणि मिळालेले वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसले पाहिजे. तासिका तत्त्वावरच्या वर्षांना ही शेवटची अट सहसा अडते. म्हणून पहिली नेमणूक घेतानाच पत्रावर 'कंत्राटी' लिहिले आहे की 'तासिका तत्त्वावर', हे पाहावे. नेमणूकपत्र, रुजू झाल्याचा अहवाल, कार्यमुक्तीचे पत्र आणि प्रत्येक वर्षाचा अनुभव दाखला त्या त्या वर्षाच्या मे महिन्यातच प्राचार्यांच्या सहीने घ्यावा, कारण चार वर्षांनी मागायला गेल्यावर प्राचार्य बदललेले असतात आणि कार्यालयातल्या कारकुनालाही जुना हजेरीपट सापडेलच असे नाही.